‘आभासी सर्व्हर’ : एका संज्ञेचे परीक्षण

‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या संज्ञेस ‘आभासी सर्व्हर’ हा प्रतिशब्द मराठीत रूढ होऊ लागला आहे. शब्द सुटसुटीत आहे, यात शंका नाही. परंतु तो यथार्थ आहे काय, हे तपासून पाहिले पाहिजे. प्रकाशशास्त्रातील ‘आभासी प्रतिमा’ पडद्यावर धरता येत नाही. तर्कशास्त्रातील हेत्वाभास हेतूसारखा दिसतो, पण हेतूचे कार्य करीत नाही. सर्व्हरची गोष्ट याच्या उलट आहे. त्याला स्वतंत्र देह नाही. कार्य मात्र तो पुरेपूर करतो.

कोथरूडमधील एखादा संशोधक मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेतून असा सर्व्हर भाड्याने घेतो व ‘सेंट्रल इंडिया’ हे क्षेत्र निवडतो, तेव्हा त्याचे गणित २०१५ साली कार्यान्वित झालेल्या पुण्याच्याच केंद्रातील प्रत्यक्ष यंत्रावर चालते. तेथे ‘हायपरव्हायजर’ ही प्रणाली एकाच यंत्राचा प्रोसेसर व स्मृती अनेक भाडेकरूंत वाटून देते, आणि प्रत्येकास संपूर्ण यंत्र आपल्याच हाती असल्याचे वाटते. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएमने आपली ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली १९७२ सालीच जाहीर केली होती; अमेझॉनने २००६ मध्ये तशीच सोय ताशी भाड्याने दूरस्थ ग्राहकांस खुली केली, एवढेच.

‘रूढ शब्दाची व्युत्पत्ती कोण पाहतो?’ असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो सामान्यतः ग्राह्य आहे. पण येथे शब्दामागोमाग गैरसमजही येतो. यंत्रच नाही, तर ते बिघडेल कसे, असे मानून विद्यार्थी आपली सामग्री सर्व्हरच्या तात्पुरत्या डिस्कवर ठेवतो. सर्व्हर बंद करून परत सोपविला की ती नाहीशी होते. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ हे प्रोसेसरांतील दोष प्रकट झाले, तेव्हा भाडेकरूंमधील भिंत ओलांडून स्मृती वाचली जाण्याचा धोकाही दिसून आला. भिंत आज्ञावलीची असली, तरी पाया सिलिकॉनचाच असतो.

तात्पर्य, ‘आभासी’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. त्याचा अन्वय मात्र बदलला पाहिजे. येथे आभास आहे तो यंत्राचा नव्हे, एकट्याच्या मालकीचा. एवढा विवेक राखला, तर सामग्रीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवण्याची जबाबदारी आपलीच, हे निराळे सांगावे लागणार नाही.