आठ थरांचं वाक्य

अर्ध्या मिलिमीटरहून लहान, कडा वेड्यावाकड्या, आकाराला काही शिस्त नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने घडवलेला हा मेलामाइनचा ओळखकण बोटावर घेतला तर धूळच वाटेल. मायक्रोस्कोपखाली मात्र त्याच्या तुटक्या कडेवर रंगांचे पट्टे उमटतात. आठ थर, एकावर एक. अक्षर नाही, आकडा नाही; रंगांचा क्रम हाच मजकूर.

हा मजकूर लिहिण्याची रीतच मोठी रंजक आहे. रंगीत थर एकमेकांवर चढवून पत्रा तयार करायचा आणि मग तो चक्क भरडायचा. लिहिलेलं फोडून टाकायचं! पण गोव्याचा थरांचा गोड बेबिंका कुठेही कापला तरी प्रत्येक तुकड्यात सगळे थर येतातच, तसा इथला प्रत्येक कण पूर्ण वाक्य घेऊनच बाहेर पडतो. म्हणून आकाराची फिकीर नाही. बाकी हरवलं तरी एक कण पुरतो.

व्याकरणही पाहावं. शेजारचे दोन थर एकाच रंगाचे असतील तर डोळ्यांना एकच जाड थर दिसेल, म्हणून लागोपाठ पुनरुक्ती नको. दहा रंग धरून हिशेब केला तर पहिल्या थराला दहा पर्याय, पुढच्या सातांना प्रत्येकी नऊ: एकूण ४ कोटी ७८ लाखांहून अधिक क्रम. पण कण उलटा पडला तर? लाल-पिवळा-निळा हा निळा-पिवळा-लाल होतो. सुरुवात कुठली हे ठरलेलं नसेल तर दोन्ही वाचनं एकच मानावी लागतील आणि संख्या निम्मी होईल. गंमत अशी की ती नेमकी निम्मीच होते, कारण आठ थरांत विलोमपद, म्हणजे दोन्हीकडून सारखाच वाचला जाणारा क्रम, जमतच नाही. त्यासाठी मधले दोन थर सारखे हवेत, आणि तीच तर मनाई.

वाचक आधी कण शोधणार कसा, याचीही सोय आहे. एका थरात लोह असल्याने चुंबक त्याला राखेतून उचलतो, दुसरा थर अतिनील प्रकाशात चमकतो.

राख हा शब्द सहज आलेला नाही. हे कण मुळात स्फोटकांसाठी होते. तापल्यावर न वितळणारं मेलामाइन स्फोटातूनही वाचावं, ही अपेक्षा. १९७९ मध्ये मेरिलँडमध्ये ट्रकमधल्या बॉम्बने एक माणूस मारला गेला; प्रयोगादाखल कण घातलेल्या त्या स्फोटकाचा माग विक्रेत्याच्या नोंदीपर्यंत गेला आणि आरोपीला शिक्षा झाली. स्वित्झर्लंडने १९८० पासून स्फोटकांत असे कण सक्तीचे केले. अमेरिकेत ती सक्ती झाली नाही. तेच तंत्र पुढे शाई, गोंद, रंग, लेबलं यांत शिरलं आणि अस्सल माल ओळखू लागलं.

वाहनांवर फवारायचे मायक्रोडॉट याच घराण्यातले. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्यांच्यासाठी नियमांचा मसुदा काढला. पण त्या ठिपक्यांवर ओळखक्रमांक सरळ लिहिलेला असतो. मोठा केला की कोणालाही वाचता येतो. कामाला उत्तम, वाचनाला सपक. रंगीत कण मात्र सगळ्यांना दिसूनही अर्थ सांगत नाही. अर्थ कंपनीच्या कुलूपबंद नोंदवहीत असतो आणि वही गेली की कणाची पुन्हा धूळ होते.

शिवाय तो जिथे चिकटला आहे तेवढ्याचीच साक्ष देतो. अस्सल बाटली रिकामी करून तिच्यात बनावट माल भरला, तर लेबलावरचा कण खोटं न बोलता फसवणुकीत सामील होतो. म्हणून मला लेबलावरच्या कणापेक्षा स्फोटकात कालवलेला कण जास्त पटतो. तिथे मजकूर मालाच्या वर नसतो, मालातच असतो. तो वेगळा काढायचा तर सगळा मालच चाळून काढावा लागेल.