खारी हवा, पोलादी शेड आणि ‘टिकाऊ’ हा शब्द

परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नापाशी अडकून पडते : शब्द संस्कृत घडवावा की रूढ स्वीकारावा? शब्द वापरणाराला त्यापासून कोणता बोध होतो आणि त्या बोधावर विसंबून तो कोणती कृती करतो, याची तपासणी क्वचितच होते. समुद्रकाठच्या व कारखान्यांच्या परिसरातील पोलादी शेडविषयी मराठीत जे लिहिले जाते – माहितीपत्रके, निविदांचे मसुदे, उद्योजकांसाठी काढलेल्या पुस्तिका – ते या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. बर्फाचा कारखाना, मासळीचे गोदाम वा काजूचा कारखाना उभारणारा मनुष्य मूळ इंग्रजी मानक वाचीत नाही. तो हे मराठी वाचतो आणि त्यावर आपले कर्ज उभे करतो.

प्रथम ‘गंज’ हा शब्द घेऊ. मराठीत गंज ‘चढतो’ किंवा ‘लागतो’. या क्रियापदांमुळे गंज ही बाहेरून येऊन लोखंडावर बसणारी वस्तू ठरते, आणि साहजिकच तो खरवडून वर रंग दिला की काम झाले, असा समज होतो. वस्तुतः तेथे धातूच खर्ची पडत असतो. याउलट किनाऱ्यावरचा माणूस ‘खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला’ असे म्हणतो, तेव्हा तो रसायनशास्त्राच्या अधिक जवळ असतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थही कुरतडणे असाच आहे. जस्ती पत्र्याच्या बाबतीत तर ‘गंजत नाही’ हे विधान निखालस चुकीचे होय. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि त्या झिजण्यानेच लोखंडाला वाचविते. रक्षणाचा हा प्रकार मुदतीचा आहे, ही गोष्ट ‘गंजमुक्त’ या विशेषणात पुरती लोपून जाते.

परिभाषाकारांनी योजिलेले ‘क्षरण’ व ‘संक्षारण’ हे शब्द या दोषापासून मुक्त आहेत, आणि त्यांची व्युत्पत्तीही मनोरंजक आहे. ‘क्षर्’ या धातूशी ‘क्षार’ जोडला जातो. क्षार म्हणजे मूळचे दाहक, कुरतडणारे द्रव्य. आयुर्वेदातील क्षारकर्मात तो अर्थ अजून जिवंत आहे. त्याचेच प्राकृत रूप ‘खार’, आणि त्यावरून आपले ‘खारे वारे’. म्हणजे कोशातला भारदस्त शब्द आणि भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातला साधा शब्द हे सख्खे भाऊ ठरतात. तथापि एक अडचण राहतेच. आजच्या शालेय रसायनशास्त्रात ‘क्षार’ म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या संयोगातून होणारा पदार्थ. त्यामुळे ‘संक्षारण’ ऐकणारा विद्यार्थी ते मिठामुळेच होते असे समजण्याचा संभव आहे. लोटे परशुराम किंवा तारापूर यांसारख्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतींत हा गैरसमज परवडणारा नाही. तेथे गंधकाच्या ऑक्साइडांपासून बनणारी आम्ले हीही धातूची वैरी आहेत. या कारणासाठी आम्ही ‘क्षरण’ हा उपसर्गरहित शब्दच पत्करावा असे म्हणू.

आता मूळ मानकाच्या भाषेकडे वळू. रंगलेपाने पोलादाचे रक्षण कसे करावे हे सांगणारे आयएसओ १२९४४ हे मानक १९९८ साली निघाले व २०१७-१८ मध्ये सुधारले गेले. पहिल्या आवृत्तीत अतितीव्र क्षरणवर्गाचे दोन भाग होते : सी५-आय म्हणजे औद्योगिक आणि सी५-एम म्हणजे सागरी. २०१७ मध्ये ही अक्षरे गळाली, एकच सी५ उरला आणि त्याच्याही वर सीएक्स हा आत्यंतिक वर्ग आला. हा बदल आम्हांस योग्य वाटतो. वर्ग ठरतो तो वर्षभरात धातूचा किती थर गेला यावरून; तो समुद्राने नेला की धुराड्याने, यावरून नव्हे. ज्या कोकणात खाडी आणि कारखाना एकमेकांस लागून आहेत, तेथे जुनी विभागणी कृत्रिमच होती. मात्र पहिल्या आवृत्तीत एक टीप होती, ती प्रत्येक मराठी पुस्तिकेत यावयास हवी : उष्ण व दमट प्रदेशांच्या किनाऱ्यावर धातूची हानी या वर्गाच्याही मर्यादा ओलांडू शकते.

सर्वांत अधिक नुकसान ‘टिकाऊ’ या शब्दाने केले आहे. मानकात टिकाऊपणाच्या चार श्रेणी आहेत : ७ वर्षांपर्यंत, ७ ते १५, १५ ते २५ आणि २५ हून अधिक. ही मुदत पहिल्या मोठ्या पुनर्लेपनापर्यंतची, म्हणजे मालकाने देखभालीची तरतूद कधी करावी हे ठरविण्यासाठी दिलेली आहे. ती हमीची मुदत नव्हे, असे मानक स्पष्ट बजावते. मराठीत मात्र ‘२५ वर्षे टिकाऊ’ याचा अर्थ २५ वर्षे ढुंकून पाहावयास नको असाच होतो. आपल्या भाषेत टिकाऊ वस्तू ती, जिची काळजी करावी लागत नाही. भाषांतरकाराने येथे ‘पहिल्या पुनर्लेपनापर्यंतचा काळ’ असे लांबलचक लिहिले तरी चालेल. शब्द आटोपशीर असण्यापेक्षा तो खरा असणे अगत्याचे आहे.

दुसरे उदाहरण आकड्याचे आहे. पत्र्यावर ‘प्रति चौरस मीटर २७५ ग्रॅम जस्त’ असे लिहिलेले असते. वाचणारा हे एका बाजूचे समजतो; संकेत मात्र दोन्ही बाजूंच्या बेरजेचा आहे. म्हणजे एका बाजूस सुमारे १३७ ग्रॅम, जाडीने साधारण १९ मायक्रॉन. सी३ या मध्यम वर्गात जस्त पहिल्या वर्षी ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजते, सी५ मध्ये ४.२ ते ८.४. पुढील वर्षांत हा दर काहीसा उतरतो, म्हणून हिशेब ठोकळ समजावा. तरीही उघडा जस्ती पत्रा एके ठिकाणी ९ ते २७ वर्षे तग धरील आणि दुसऱ्या ठिकाणी दोन ते साडेचार. तोच पत्रा, तेच विशेषण! १२० ग्रॅमचा पत्रा असेल तर सी५ मध्ये एक-दोन पावसाळ्यांतच खालचे लोखंड उघडे पडते. ‘दोन्ही बाजू मिळून’ हे तीन शब्द गाळल्याने किती पैसा बुडाला असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

शेडच्या रचनेविषयी हे लिखाण बहुधा पत्र्याच्या उघड्या पृष्ठापुरतेच बोलते, हा त्यातील मोठा उणेपणा होय. पाऊस मीठ आणीत नाही, तो ते धुऊन नेतो. सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला साधे मीठ हवेतील पाणी ओढून विरघळते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या सुमारासच ओले होते. म्हणून पाऊस जेथे पोहोचत नाही तेथे मीठ साठते आणि धातू ओला राहतो : पत्र्याची खालची बाजू, कैचीचे सांधे, पर्लिनच्या आत वळलेल्या कडा, दोन पट्ट्यांमधील फट. या जागेला मराठीत नेमका शब्द आहे, ‘वळचण’. आसरा आणि सुरक्षितता यांचे सूचन करणारा हा शब्द क्षरणाच्या संदर्भात अगदी उलट अर्थाने वापरावा लागेल. ‘वळचणीची पृष्ठे’ असा शब्दप्रयोग निविदेत घातला आणि त्या पृष्ठांसाठी जाड लेप, बंद सांधे, पाणी निथळावे म्हणून खाली ठेवलेली भोके आणि वर्षातून ठरावीक वेळा गोड्या पाण्याने धुणे अशी कलमे लिहिली, तर ती ठेकेदारास व गवंड्यासही स्पष्टीकरणावाचून समजतील. धुण्याचे कलम पावसाळ्यानंतरच्या महिन्यांसाठी असावे, कारण त्या कोरड्या काळात उघड्या पत्र्यावरचे मीठ धुवावयासही पाऊस नसतो.