‘स्मृतिचित्रे’ आणि ‘मी’चे ओझे

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार मोठा फसवा आहे. त्याचा कर्ता ‘मी’, त्याचा विषय ‘मी’ आणि न्यायाधीशही ‘मी’च. साहजिकच निकाल बहुधा आरोपीच्या बाजूने लागतो. पुष्कळ आत्मचरित्रकार आपले दोष कबूल करतात, परंतु ते अशा खुबीने की वाचकाने त्यांच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी. दोषांची कबुली हाच तेथे अहंकाराचा नवा दागिना होतो. म्हणून ‘मी’ने ‘मी’विषयी लिहावे आणि तरीही ‘मी’च्या तावडीतून सुटावे, हे शक्य आहे काय, असा प्रश्न आम्ही या प्रकारातील प्रत्येक ग्रंथाला विचारतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या कसोटीला कशी उतरतात, ते येथे पाहावयाचे आहे.

‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या एका स्त्रीचे हे लेखन मराठी गद्याचे भूषण ठरले. टिळक दाम्पत्य प्रॉटेस्टंट पंथाचे होते. तथापि हा ग्रंथ पंथभेदापलीकडे जाऊन आपणा कॅथलिक कुटुंबांनाही तितकाच आपला वाटावा, असे आमचे मत आहे.

या ग्रंथात अहंकार अनेक वेषांत वावरतो. पहिला वेष सोवळ्याचा. लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले यांनी सोवळ्याओवळ्याचे वेड इतक्या थराला नेले होते की, बाजारातून आलेले मीठ-साखरही धुऊन घ्यावे. घरातील माणसे त्यात होरपळली. आपण शुद्ध, बाकीचे जग विटाळलेले, हा या वेडाचा गाभा. दुसरा वेष औदार्याचा. रेव्हरंड नारायण वामन टिळक मोठे कवी, मोठे दाते. परंतु हातचे देऊन टाकताना घरात उद्या काय शिजणार, याचा विचार पुष्कळदा पत्नीवर सोडलेला. दान खरे, त्यागही खरा, पण त्याची किंमत मोजणारे माणूस दुसरेच. त्यांच्या संतापाचीही चित्रे येथे आहेत. लक्ष्मीबाई ती लपवीत नाहीत आणि त्यांचे भांडवलही करीत नाहीत.

तिसरा वेष मात्र त्यांचा स्वतःचा, आणि येथेच ग्रंथाची खरी परीक्षा होते. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या वियोगाने लक्ष्मीबाई वेड्यापिशा झाल्या. काही वर्षांनी त्या त्यांच्याकडे परतल्या, तरी आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी निराळेच ठेवले. वडिलांच्या ज्या सोवळ्याला त्या हसतात, तेच सोवळे त्यांच्याही रक्तात होते. पुढे विचार करता करता त्यांना उमगले की, हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसांनी केले आहेत. एकदा उमगल्यावर त्या थांबल्या नाहीत. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला व तो पाळला. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी ‘मी वरची’ हा अभिमान गळला, मग पाणी डोक्यावर पडले.

अकोटच्या वाचकाला हे समजण्यास अवघड नाही. आपल्याकडे कापूस वेचून घरात येतो तेव्हा तो पांढराशुभ्र, मऊ दिसतो. पण जिनिंगमध्ये गेल्याशिवाय आतली सरकी निघत नाही. धार्मिक माणसाचा अहंकार असाच पांढऱ्या कापसात दडलेला असतो. नित्य मिस्सा, रोजची जपमाळ, देवळासाठी दिलेली देणगी, सणाच्या मिरवणुकीतील मानाची जागा, या सर्वांत तो सुखाने राहतो. प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातील परुशी काही खोटे बोलत नव्हता. तो खरोखरच उपास करी, दशांश देई. त्याचे एवढेच चुकले की, प्रार्थना करताना त्याची नजर शेजारच्या जकातदारावर होती.

लक्ष्मीबाईंची सरकी निघाली कशाने? आमच्या मते, त्यांच्या हसण्याने. त्या पतीला हसतात, तशाच स्वतःलाही हसतात, आणि दोन्ही हसण्यांत विखार नाही. स्वतःचे अज्ञान, हट्ट, फजिती त्या अशा सांगतात, जणू शेजारणीची गोष्ट चालली आहे. स्वतःकडे असे अंतरावरून, पण मायेने पाहणे हेच आत्मपरीक्षण होय. संत ऑगस्टीनने आपल्या ‘कबुलीजबाबां’त हेच देवापुढे रडून केले, लक्ष्मीबाईंनी ते माणसांपुढे हसून केले.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. अंतःकरणातील पालटाचे वर्णन त्या फार थोडक्यात आटोपतात. प्रसंगांची रेलचेल आहे, पण त्या पालटात देवाच्या कृपेचा हात कसा फिरला, हे वाचकाला तर्कानेच जाणावे लागते. केवळ स्वतःची ओळख पटल्याने माणूस सुटत नाही. ओळख पटवणारा प्रकाशही मागावा लागतो. संत इग्नाती लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्यांत पहिली आभाराची व दुसरी प्रकाश मागण्याची आहे. दिवसाची तपासणी तिसरी, क्षमायाचना चौथी आणि सुधारण्याचा निश्चय पाचवी. आपण मात्र एकदम तपासणीवर उडी घेतो, आणि तीही बहुधा दुसऱ्याच्या दोषांची.

आपल्या वऱ्हाडातच, शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचे उदाहरण येथे आठवते. ज्या गावी कीर्तन, त्या गावचे रस्ते ते आधी स्वतः झाडीत. धर्मशाळा उभारल्या, पण त्यांवर मालकी सांगितली नाही. शिष्य केले नाहीत. अहंकार गेल्याची खूण शब्दांत नसते, ती हातांत दिसते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीतही ती दुसऱ्याच्या हातून घेतलेल्या पाण्यात दिसली.

म्हणून हा ग्रंथ आमच्या कुटुंबांनी केवळ करमणुकीसाठी वाचू नये, असे सुचवावेसे वाटते. प्रायश्चित्तकाळात रात्रीच्या जपमाळेनंतर त्यातील चार पाने मोठ्याने वाचावीत. घरातील सर्वजण मनमुराद हसतील. हसू ओसरल्यावर प्रत्येकाने मनाशी एकच विचारावे : माझी निराळी चूल अजून कोठे पेटलेली आहे? उत्तर सापडले, तर पापनिवेदनाला जाताना शेजाऱ्याचे दोष घरी ठेवून जाणे सोपे होईल.