हॅम्लेटचे स्वगत आणि चित्रपट

आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि गणपतराव जोशी यांची भूमिका यांमुळे ‘हॅम्लेट’ मराठी रसिकास परका नाही. रंगभूमीवर नायकाचे स्वगत प्रेक्षक सहज स्वीकारतो; चित्रपटात मात्र ही रूढी अवघडते. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी (१९४८) विख्यात स्वगताचा काही भाग मिटल्या ओठांमागून ऐकविला. द्वंद्व अंतर्मनात शिरले. परंतु फोर्टिनब्रास गाळल्याने राज्याचा प्रश्न दृष्टीआड झाला. ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह यांनी (१९६४) त्यास राखले. त्यांच्या कृतीत दगडी दुर्ग हाच कारावास ठरतो. विशाल भारद्वाज यांच्या ‘हैदर’मध्ये (२०१४) नायक श्रीनगरच्या चौकात जमावापुढे बोलतो, खाजगी संशय सार्वजनिक होतो. अखेरीस आईच्या आत्मनाशानंतर तो जायबंदी चुलत्यास न मारताच निघून जातो.

या बदलाने शोकात्मिका उणावली काय? नायकाचा मृत्यू हेच तिचे लक्षण मानल्यास होकार द्यावा लागेल. परंतु शोकात्म अनुभवाचे मर्म मृत्यूत नसून, कोणताही मार्ग निवडला तरी अटळ असलेल्या हानीत आहे. सूड नाकारूनही हैदरचे गमावलेले काहीच परत येत नाही. म्हणून रूपांतराची कसोटी घटनांच्या जुळणीपेक्षा या हानीच्या प्रत्ययावर लावणे अधिक न्याय्य होय.