गळा कोणाचा, चेहरा कोणाचा? संगीत नाटकांचे चित्रपट आणि पात्रनिवडीचा वाद

संगीत नाटकावर चित्रपट निघाला की पहिला वाद पात्रनिवडीवर होतो. त्याचे मूळ रंगभूमीच्या घडणीत आहे. मराठी संगीत नाटकात भूमिका गायकनटाच्या गळ्यासाठी लिहिली जाई, पदे त्याच्या गायकीच्या अंगाने बांधली जात आणि प्रेक्षक त्या गळ्यासाठी तिकीट काढत. नट बदलला की भूमिकेचा स्वरच बदले. त्यामुळे पुनर्निर्मितीत एखादे पात्र कोणाला दिले, हा प्रश्न मराठी रसिकाच्या दृष्टीने संगीताचाही असतो.

हा वाद चित्रपटाहून जुना आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ १९११ मध्ये मुंबईत रंगभूमीवर आले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि धैर्यधराच्या भूमिकेत नानासाहेब जोगळेकर. पुढे बालगंधर्व आणि ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीचे केशवराव भोसले यांच्या चाहत्यांत श्रेष्ठत्वावरून दोन तट पडले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये केशवरावांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी एकाच रंगमंचावर उभे राहिले. दोन गळ्यांची एकत्र निवड हाच त्या प्रयोगाचा सर्वांत मोठा विशेष होता. आजही मराठी रंगभूमीच्या इतिहासात तो आवर्जून सांगितला जातो.

कॅमेरा आल्यावर या समीकरणाला पहिला तडा गेला. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) बालगंधर्वांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. ‘साध्वी मीराबाई’त (१९३७) ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले आणि तो चित्रपट चालला नाही. नाट्यगृहातले अंतर, दिव्यांचा प्रकाश आणि स्वरांची मोहिनी यांच्या आधारावर उभा असलेला स्त्रीवेष पडद्यावरच्या जवळच्या दृश्यात टिकला नाही. गळा तोच होता, पण पडद्याला चेहराही हवा होता. त्याच दशकात पार्श्वगायन रुळले आणि गाणारा व दिसणारा वेगळे होण्याची सोय झाली. या सोयीमुळे निवड एकाऐवजी दोन ठिकाणी करावी लागते: चेहऱ्याची आणि आवाजाची. पुढचे बहुतेक मतभेद या दोन निवडींच्या सांध्यावर आहेत.

या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण ‘कट्यार काळजात घुसली’ हे आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ मध्ये प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने रंगभूमीवर आणले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे होते. कथाच दोन घराण्यांच्या संघर्षाची असल्याने येथे गायकी हेच पात्राचे स्वभावचित्र आहे. एकच पद दोन वेगळ्या चालींत येते आणि शब्द तेच राहूनही माणसे वेगळी होतात. खाँसाहेबांच्या भूमिकेतले डॉ. वसंतराव देशपांडे यांचे आक्रमक, वळणावळणाने चकवणारे गाणे ध्वनिमुद्रिकांतून घराघरांत पोचले. रसिकाच्या कानात खाँसाहेब म्हणजे वसंतराव हेच समीकरण पक्के बसलेले होते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली याच नाटकाचा चित्रपट प्रदर्शित झाला. खाँसाहेब सचिन पिळगांवकर, पंडित भानुशंकर शंकर महादेवन, सदाशिव स्वतः भावे, झरीना अमृता खानविलकर आणि उमा मृण्मयी देशपांडे अशी निवड होती. खाँसाहेबांसाठी राहुल देशपांडे आणि सदाशिवासाठी महेश काळे गायले. म्हणजे तीन प्रमुख गायक पात्रांपैकी फक्त पंडितजींच्या बाबतीत चेहरा आणि गळा एकाच व्यक्तीचे होते, आणि ती व्यक्ती अभिनयात नवखी होती.

सचिन यांच्या निवडीवरून मतभेद झाले. एका पक्षाच्या मनात त्यांची हलक्याफुलक्या चित्रपटांतली प्रतिमा इतकी ठसली होती की खाँसाहेबांचा दर्प त्या चेहऱ्यावर बसेल असे त्यांना वाटेना. हे चाहते राहुल देशपांडे यांचे नाव पुढे करत. ते वसंतरावांचे नातू, आणि भावे यांनीच दिग्दर्शित केलेल्या २०१० च्या नाट्यपुनरुज्जीवनात ते खाँसाहेब झाले होते. हा आग्रह परंपरेला धरून होता. पण तिशीतला गायक तरुण मुलीचा बाप म्हणून रंगमंचावर रंगभूषेने खपतो, कॅमेऱ्याला ते कठीण जाते. सचिन यांनी उर्दूच्या उच्चारांची धार, खुनशी नजर आणि पराभवाने पोखरलेला अहंकार यांतून खाँसाहेब उभे केले. ही निवड अभिनयाच्या कसोटीवर उतरली, असेच म्हणावे लागते. जिथे ताना लांबतात, तिथे मात्र हातवारे स्वरांच्या मागून येतात आणि सांधा उघडा पडतो.

शंकर महादेवन यांच्याबाबत प्रश्न उलटा होता. त्यांच्या गळ्यामागे कर्नाटक संगीताचे संस्कार आहेत आणि त्याचा रंग पंडितजींच्या गाण्यात उतरला. जुन्या ख्यालअंगाची अपेक्षा करणाऱ्यांना तो परका वाटला. पण दोन गायकींतला फरक अप्रशिक्षित श्रोत्यालाही लगेच कळावा, ही चित्रपटाची गरज त्यातून भागली. चित्रपटाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांनी अभिषेकींच्या पदांशेजारी नव्या रचना ठेवल्या. कव्वालीसाठी अरिजित सिंग यांचा आवाज घेणे हा त्याच धोरणाचा भाग होता. जुनी पदे आखूड झाली, ही तक्रार खरी आहे. पण ती पदे पहिल्यांदाच ऐकणारा तरुण वर्ग याच चित्रपटाने मिळवला, हेही तितकेच खरे. महेश काळे यांना या चित्रपटासाठी उत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आवाजाची निवड ही स्वतंत्र कलानिवड असते, याची ती पावतीच होती.

गळा आणि चेहरा पडद्यावर पुन्हा एक होऊ शकतात, हे ‘मी वसंतराव’ या चरित्रपटाने (२०२२) दाखवले. त्यात राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिकाही केली आणि गायनही. तेथे तान घेताना फुगणारी मानेची शीर खरी आहे आणि प्रेक्षकाला ती जाणवते.

जानेवारी २०२५ मध्ये भावे यांचा ‘संगीत मानापमान’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. संगीतकार तेच त्रिकूट होते. धैर्यधर स्वतः भावे आणि भामिनी वैदेही परशुरामी. मूळ नाटकात पदांची संख्या पन्नासच्या घरात होती आणि कथा त्यांच्या मधल्या जागेत राहत असे. चित्रपटाने उलट कथेला पुढे आणून गाणी तिच्यात बसवली. परिणामी वादाचा भर गळ्यावरून वयावर आणि भव्यतेवर गेला: पन्नाशीला टेकलेला नायक प्रेमकथेत शोभतो का, राजवाड्यांच्या झगमगाटात खाडिलकरांचा मानी सेनापती हरवतो का. ‘मानापमान’मध्ये पद हा प्रेमाचा आणि मानाचा युक्तिवाद असतो. तो युक्तिवाद दृश्याच्या मागे गेला की भूमिका कोणीही केली तरी पोकळी राहते.

नाट्यसंगीताच्या बाहेर ‘सैराट’च्या (२०१६) पुनर्निर्मितींची उदाहरणे बोलकी आहेत. कन्नड ‘मनसु मल्लिगे’त (२०१७) रिंकू राजगुरू यांनीच नायिका साकारली. हिंदी ‘धडक’मध्ये (२०१८) जान्हवी कपूर आणि ईशान खट्टर आले आणि करमाळा परिसराच्या जागी उदयपूर आले. अजय-अतुल यांच्या गाजलेल्या चाली कायम राहिल्या, तरी मराठी चाहत्यांचा आक्षेप तीव्र होता. त्या गाण्यांतला उन्माद मूळ चित्रपटातल्या नायिकेच्या, आर्चीच्या बोलीतून, बुलेटवरच्या बसण्यातून आणि जातीच्या उतरंडीतून आला होता. चाल नेता आली, तिची माती नेता आली नाही.

या उदाहरणांवरून चाहत्यांच्या वादात एकत्र मिसळलेले तीन प्रश्न वेगळे करता येतात. गायकी पात्राच्या स्वभावाला साजेशी आहे का? पडद्यावरचे शरीर त्या गायकीचा भार पेलते का? आणि गाणे ज्या समाजातून उगवले, तो समाज चित्रपटात शिल्लक आहे का? ‘कट्यार’ पहिल्या कसोटीवर उत्तम उतरतो आणि दुसऱ्यावर बहुतांशी. ‘मी वसंतराव’ला दुसरी कसोटी जिंकता आली. ‘मानापमान’ पहिल्या कसोटीवर अडखळतो, कारण तेथे पदांचे नाट्यकार्यच आकसले आहे. ‘धडक’ तिसरीवर पडतो. मूळ कलावंताची बरोबरी ही कसोटी यांत बसत नाही, कारण तिच्यावर कोणतीही पुनर्निर्मिती उतरणार नाही. १९२१ च्या धैर्यधराच्या जागीही दहा वर्षांपूर्वी दुसराच नट होता.