हेल्वेलिनची कुत्री

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, साक्षीदारच नसेल तर घडलेलं खरं कुणी सांगायचं?" तेव्हा आम्ही बरंच लांबलचक उत्तर दिलं, आणि ते काही फार चांगलं नव्हतं. आज त्याच प्रश्नाकडे दुसऱ्या वाटेनं जाऊ. वाट डोंगराची आहे, हवा बेभरवशाची आहे आणि बरोबर एक कुत्री आहे. इंग्रजीतल्या दोन मोठ्या कवींनी तिच्यावर कविता लिहिल्या. त्या कवितांशी आमचं भांडण आहे, तेही जुनं.

आधी जागा सांगतो. इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट म्हणून डोंगर-तळ्यांचा मुलूख आहे. त्यात हेल्वेलिन नावाचा डोंगर, उंची ९५० मीटर. आपल्या कळसूबाईच्या १६४६ मीटरपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिथली हवा अशी की उंचीच्या आकड्यावर जाऊ नये. अटलांटिकवरून ओलं वारं येतं, पायथ्याला ऊन असताना माथा ढगात जातो आणि पाच-दहा मिनिटांत समोरची वाट दिसेनाशी होते. पूर्वेकडून माथ्याकडे एक अरुंद धार चढत जाते, तिचं नाव स्ट्रायडिंग एज. धारेच्या उत्तरेला खाली खोलगट कुशीत एक तळं आहे, रेड टार्न. वारा माथ्यावरचं बर्फ उडवून या आडोशाच्या बाजूला आणून टाकतो, त्यामुळे वरच्या कडेला बर्फाचे छज्जे तयार होतात. खाली काही नाही आणि वरून जमीन वाटते, असे. आजही हिवाळ्यात तिथे खास नेमलेला माणूस रोज डोंगर चढतो आणि वर बर्फ किती, वारा किती, हे खालच्या लोकांना कळवतो.

१८ एप्रिल १८०५ या दिवशी चार्ल्स गॉफ नावाचा तरुण पॅटरडेलहून ग्रासमिअरला जायला निघाला. मँचेस्टरचा, चित्रकलेची आवड असलेला. वाट हेल्वेलिनवरून. बरोबर त्याची कुत्री होती, फॉक्सी. तो पोचलाच नाही. २७ जुलैला एका धनगराला रेड टार्नजवळ भुंकणं ऐकू आलं. तो गेला तर कुत्री जिवंत होती आणि मालकाची हाडं उरली होती. मध्ये किती दिवस गेले ते आम्ही एकदा बोटांवर मोजले. बरोबर शंभर.

त्याच्या सामानात मासेमारीची साधनं सापडली, आणि दोन क्लॉड ग्लास. हे काय असतं ते सांगायला हवं. गडद रंगाचा, किंचित फुगीर असा छोटा आरसा. त्या काळचे हौशी प्रवासी निसर्गाकडे पाठ करून उभे राहत आणि मागचं दृश्य या आरशात पाहत, म्हणजे ते चित्रासारखं दिसे. डोंगर पाहायचा तर डोंगराकडे पाठ करायची! हे रूपक आम्ही रचलेलं नाही, त्या माणसाच्या सामानातच ते होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वर्ड्सवर्थ, वॉल्टर स्कॉट आणि रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही असे तिघे मिळून हेल्वेलिन चढले. दोघा कवींनी कविता लिहिल्या. स्कॉटच्या कवितेचं नाव डोंगराचंच, 'हेल्वेलिन'. वर्ड्सवर्थनं नाव दिलं 'फिडेलिटी', म्हणजे निष्ठा. शीर्षकातच निकाल लागला म्हणा ना. पुढे १८२९ मध्ये लँडसीअरनं मेलेल्या मालकाच्या अंगावर पंजा ठेवलेल्या कुत्रीचं चित्र काढलं. १८९० मध्ये डोंगरावर स्मारकाची शिळा बसली. ती बसवणाऱ्यांपैकी एक होते पाद्री रॉन्सली, जे पुढे नॅशनल ट्रस्टच्या संस्थापकांत होते, आणि दुसऱ्या फ्रान्सिस पॉवर कॉब, प्राण्यांवरच्या चिरफाडीच्या प्रयोगांविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या बाई. शिळेवर वर्ड्सवर्थच्या ओळी आहेत.

आता कवितेकडे. वर्ड्सवर्थचं मोठेपण नाकारायचं नाही. डोंगर आणि हवा यांच्याबाबतीत तो एक अक्षर वाढवून सांगत नाही. आवाज कुत्र्याचा की कोल्ह्याचा, हे धनगराला आधी कळत नाही, तिथून कविता सुरू होते. डोंगरात असंच होतं, आवाज येतो, दिशा कळत नाही, मग नेच्यांत काहीतरी हलताना दिसतं. डिसेंबरचं बर्फ जूनपर्यंत धरून ठेवणारी ती खोबण, तळ्यावरचं धुकं, कड्यांमधून घुमणारी कावळ्याची हाक, हे सगळं पायांनी फिरलेल्या माणसाचं आहे. कुत्रं डोंगरातल्या जातीचं नाही, बुजलेलं आहे, हेही तो नोंदवतो.

आणि मग शेवटाकडे येताना हाच बारीक डोळ्यांचा माणूस आपली नजर फिरवतो. तीन महिने कुत्रं तिथेच राखण करत होतं, असं तो सांगतो. कुणी पाहिलं? कुणीच नाही. आपल्यालाही ही अडचण वाटली असणार, कारण 'इतके दिवस ते जगलं कशावर?' हा प्रश्न कवी स्वतःच काढतो. हीच कवितेतली सर्वांत प्रामाणिक जागा आहे. पण तो उत्तर शोधत नाही. ज्यानं एवढं प्रेम दिलं त्यालाच ठाऊक, म्हणून तो प्रश्न देवाच्या हवाली करतो. हवेबद्दल बोलताना त्यानं देवाला मध्ये आणलं नव्हतं!

आणखी एक गोष्ट. फॉक्सी मादी होती. स्कॉट तिला मादीच ठेवतो. वर्ड्सवर्थच्या कवितेत ती नर होऊन जाते. मराठीत हे जास्त खुपतं, कारण कुत्रा, कुत्री, कुत्रं यांतला एक शब्द आपल्याला निवडावाच लागतो. आम्ही वर्गासाठी या कवितेचं मराठी टिपण केलं होतं त्यात 'कुत्रा' असं लिहिलं आणि वर्षानुवर्षं तसंच शिकवलं. मग कळलं की त्या शंभर दिवसांत तिला पिल्लू झालं होतं. ते मेलेलं सापडलं. वर्ड्सवर्थच्या कवितेत पिल्लू नाही आणि स्कॉटच्याही नाही. स्कॉटची कुत्री कोल्हे-कावळे हाकलत बसते, मालक झोपलाय की काय म्हणून वाट पाहते. व्यालेली कुत्री भुकेली असते, तिला आडोसा लागतो, ती जागा सोडत नाही, हे खेड्यातलं पोरही सांगेल. एवढी साधी गोष्ट दोन्ही कवितांत शिरत नाही. पिल्लू आलं की 'ती थांबली कुणासाठी?' हा प्रश्न येतो, म्हणून पिल्लालाच घरात घेतलं नाही.

दुसरी बाजूही होती. कार्लाइलच्या एका वृत्तपत्रानं त्याच वेळी छापलं की, कुत्रीनं मालकालाच खाल्लं. झालं, एका बाजूला सती-सावित्री, दुसऱ्या बाजूला राक्षसीण. तिची तरफदारी करणारे म्हणाले, कावळ्यांनी खाल्लं असेल. आम्हाला विचाराल तर हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. एप्रिल ते जुलै हा तिथे मेंढ्या विण्याचा आणि कोकरं वाढण्याचा काळ. मेलेली कोकरं, वार, उंदीर, तळ्याचं पाणी, यांवर एखादी कुत्री जगू शकते. तिनं मालकाचं मांस खाल्लंही असेल. खाल्लं म्हणून तिचं प्रेम नव्हतं असं ठरत नाही, आणि नाही खाल्लं म्हणून होतं असंही ठरत नाही. १८९४ मध्ये लॉइड मॉर्गन या मानसशास्त्रज्ञानं एक नियम सांगितला, की साध्या कारणानं वागणं उलगडत असेल तर प्राण्याच्या माथी वरच्या पातळीची बुद्धी मारू नये. नियम उपयोगी आहे, पण आमचं काम त्यानं भागत नाही. भूक, पिल्लू, सवय, माया, ही चारही कारणं त्या शंभर दिवसांत एकत्र नांदली असतील. आपण स्वतः तरी एखाद्याजवळ थांबतो ते एकाच कारणानं थांबतो का?

जाता जाता एक सांगतो. याच धारेवर लोखंडाचं एक छोटं स्मारकही आहे, रॉबर्ट डिक्सन या माणसाचं. १८५८ साली कोल्ह्याच्या शिकारीत कुत्र्यांच्या मागे धावताना तो तिथे मेला. माणसामागे गेलेल्या कुत्रीवर एवढं काव्य झालं. कुत्र्यांमागे गेलेल्या माणसाला नाव आणि तारीख मिळाली.

आपल्याकडेही हे आहे. रायगडावर वाघ्याची समाधी आहे. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, असं अभ्यासक सांगतात. २०११ मध्ये तो पुतळा हलवला गेला आणि परत बसवला गेला. तो वाद इथे उकरायचा नाही. एवढंच पाहा की दोन्हीकडे परीक्षा कुत्र्याची चालली आहे. इमानी होता का? होती का? माणूस परीक्षकाच्या खुर्चीत.

इथे आमचं स्वतःचं एक सांगायला हवं. चाळीसेक वर्षं झाली. जूनचा शेवट होता. सात-आठ विद्यार्थी घेऊन आम्ही राजगडावरून तोरण्याला धारेनं जायचं ठरवलं. गुंजवण्यात एक तपकिरी कुत्रा मागे लागला. कुणीतरी भाकरीचा तुकडा टाकला, कुणीतरी मोत्या असं नाव ठेवलं. रात्री पद्मावतीच्या देवळात तो आमच्या पायांशी झोपला. सकाळी संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरलो आणि धारेला लागलो, तसं धुकं आलं. दहा पावलांपलीकडे काही दिसेना. मोत्या पुढे जायचा, थांबायचा, मागे वळून पाहायचा. आम्ही त्याच्यामागे. मुलं म्हणाली, "सर, काय इमानी आहे बघा." आम्हीही कौतुक केलं.

बुधला माचीच्या अलीकडे कातळाचा टप्पा आहे. तिथे पोचलो आणि पावसानं गाठलं. कातळ निसरडा झाला. एकेकाला दोर लावून वर घेतलं. मोत्याला चढता येईना. एक मुलगा म्हणाला, सॅक रिकामी करून त्यात घालून घेऊ. आम्ही नको म्हणालो. अंधार पडायच्या आत वेल्ह्याला उतरायचं होतं. "गावचाच आहे, जाईल परत," असं म्हणालो. बराच वेळ धुक्यातून भुंकणं येत होतं. मग वाऱ्यात ते ऐकू येईनासं झालं. संध्याकाळची एसटी मिळाली. पुढच्या रविवारी गुंजवण्याला जाऊन चौकशी करता आली असती. गेलो नाही.

नीतिशास्त्राच्या तासाला निष्ठा हा विषय आला की आम्ही मोत्याची गोष्ट सांगायचो. धुक्यात वाट दाखवणारा कुत्रा. गोष्ट कातळाच्या अलीकडे संपवायचो. मुलांना आवडायची. वर्ड्सवर्थनं पिल्लू का गाळलं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. निवृत्तीनंतर जुनी टिपणं चाळताना कळलं.

महाभारतातलं महाप्रस्थानिक पर्व या दृष्टीनं वाचून पाहा. पाच पांडव, द्रौपदी आणि त्यांच्या मागून निघालेला एक कुत्रा. द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. कुत्रा चालतच राहतो. मग इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही. इंद्र मोठा वकील. तो विचारतो, भावांना टाकलंस, बायकोला टाकलंस, मग कुत्र्याचं एवढं काय? उत्तर असं, की ती माणसं मेली होती, त्यांना मी उठवू शकत नव्हतो. जिवंतपणी मी त्यांना सोडलं नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आहे. या वृत्तीला महाभारत 'आनृशंस्य' म्हणतं, निर्दयी नसणं.

फरक लक्षात आला का? इथे कुत्र्याचं इमान कुणी तपासत नाही. तो भुकेनं मागे आला की मायेनं, याची चौकशीच नाही. प्रश्न माणसाला विचारलेला आहे. धारेवर जायचं गॉफनं ठरवलं, एप्रिलच्या हवेत एकट्यानं जायचं तेही त्यानंच ठरवलं. फॉक्सीला कुणी विचारलं नव्हतं. दोन्ही कवितांत गॉफ बिचारा आहे, दुर्दैवी आहे. तिला तिथे घेऊन जाणारा माणूस म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

महाभारतालाही आम्ही पूर्ण सोडणार नाही. शेवटी तो कुत्रा कुत्रा नव्हताच, साक्षात धर्म होता, असं निघतं. आम्हाला हे कधीच पटलेलं नाही. युधिष्ठिरानं ज्याच्यासाठी स्वर्ग नाकारला तो साधा, ओला, दमलेला जीव त्या क्षणी गोष्टीतून नाहीसा होतो. व्यासांनाही कुत्र्याला कुत्रा ठेवून स्वर्गाच्या दारात उभं करणं जड गेलं असेल.

इंग्लंडमध्ये २००० साली एक कायदा झाला. मोकळ्या डोंगर-माळांवर पायी फिरायचा हक्क लोकांना मिळाला आणि त्यात कुत्र्यांसाठी एक कलम आहे. १ मार्च ते ३१ जुलै या काळात अशा जमिनीवर कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यावरच ठेवायचा. कारण जमिनीवर घरटी करणारे पक्षी. गॉफ निघाला ती तारीख आणि सापडला ती तारीख, दोन्ही या पाच महिन्यांत येतात. त्या कलमात निष्ठा, प्रेम असा एकही शब्द नाही. पट्ट्याचं एक टोक माणसाच्या हातात असेल, एवढं ते गृहीत धरतं.

वेळ झाली असं खुणावताहेत. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे. विचारा.