नव्वदच्या दशकाचे हिपहॉप : स्मरणरंजन आणि अस्सलपणाचा निकष

हिपहॉपविषयी आज जे लिहिले-बोलले जाते, त्यात १९९० च्या दशकाला अघोषित कसोटीचे स्थान मिळाले आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन-लॅटिन तरुणांच्या मेळाव्यांतून जन्मलेली ही कला त्या दशकात परिपूर्ण झाली आणि पुढे बाजाराच्या आहारी जाऊन उतरणीला लागली, असे मानणारा रसिकवर्ग मोठा आहे. या मतात दोन निराळे दावे एकमेकांत मिसळलेले असतात : त्या काळचे संगीत गुणवत्तेने श्रेष्ठ होते हा एक, आणि ते अधिक अस्सल होते हा दुसरा. पहिला दावा कलाकृती समोर ठेवून तपासता येतो. दुसरा मात्र बहुधा स्मरणरंजनावर, म्हणजे गतकाळाच्या ओढीने रंगवलेल्या आठवणींवर, उभा असतो. या दोहोंची फारकत केल्याशिवाय त्या दशकाचे खरे मोल कळत नाही आणि आजच्या संगीतालाही न्याय मिळत नाही.

पहिल्या दाव्यात तथ्य आहे. वू-टँग क्लॅनचा ‘एंटर द वू-टँग’ आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा ‘मिडनाइट मरॉडर्स’ हे सर्वस्वी भिन्न प्रकृतीचे दोन अल्बम ९ नोव्हेंबर १९९३ या एकाच दिवशी प्रकाशित झाले, एवढ्यावरूनही त्या काळाच्या सुपीकतेची कल्पना येते. मात्र त्या काळच्या नादामागे विशिष्ट भौतिक कारणे होती. हिपहॉपचा पाया असलेले सँप्लिंग म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातील तुकडा उचलून, त्याची पुनरावृत्ती करून नवी रचना उभी करण्याचे तंत्र. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात एकूण जेमतेम दहा सेकंदांचा ध्वनी साठवता येत असे. म्हणून निर्माते मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या गतीने वाजवून तुकडा कमी वेळात यंत्रात भरत आणि मग यंत्रातच त्याची गती उतरवत. या खटाटोपात आवाजाला जी खरखर आणि जो जाडपणा येई, तोच आज अस्सलपणाची खूण म्हणून गौरवला जातो. प्रत्यक्षात ती अपुऱ्या स्मृतिक्षमतेवर केलेली कल्पक मात होती. कायद्यानेही या नादाला वळण दिले. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने गिल्बर्ट ओ’सलिव्हन यांच्या गीताचा अंश विनापरवानगी वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्की याच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी आगाऊ परवानगी आणि मोबदला अटळ ठरला, आणि पब्लिक एनेमीने १९८८ मध्ये केली तशी अनेक तुकड्यांची दाट गुंफण परवडेनाशी झाली.

अस्सलपणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अभ्यासक केंब्रू मॅक्लाउड यांनी १९९९ च्या निबंधात दाखवले, की ही कल्पना एकसंध नसून सहा द्वंद्वांवर उभी आहे : स्वतःशी प्रामाणिक राहणे विरुद्ध प्रवाहाबरोबर वाहणे, कृष्णवर्णीय विरुद्ध श्वेतवर्णीय, भूमिगत विरुद्ध व्यावसायिक, कणखर विरुद्ध मवाळ, रस्ता विरुद्ध उपनगर, आणि मूळ परंपरा विरुद्ध मुख्य प्रवाह. ही द्वंद्वे तीव्र झाली त्याला कारण होते. १९९० मध्ये श्वेतवर्णीय रॅपर व्हॅनिला आइस याला अफाट यश मिळाले आणि प्रसिद्धीसाठी सांगितलेला त्याचा पूर्वेतिहास वृत्तपत्रांनी खोटा ठरवला, तेव्हा आपली कला आपल्या हातून निसटते आहे ही कृष्णवर्णीय समाजाची भीती निराधार नव्हती. तरीही ही द्वंद्वे कसोटी म्हणून पुरी पडत नाहीत. अस्सलपणाचा मानदंड मानला जाणारा नासचा ‘इलमॅटिक’ (१९९४) हा अल्बम सोनीच्या मालकीच्या कोलंबिया या बड्या कंपनीनेच काढला होता; आणि हिपहॉपचे पहिले मोठे व्यावसायिक यश ठरलेल्या ‘रॅपर्स डिलाइट’ (१९७९) या गीतात ग्रँडमास्टर कॅझ याने रचलेल्या ओळी दुसऱ्याच गायकाच्या तोंडी होत्या. निर्भेळ, बाजारमुक्त आरंभकाळ ध्वनिमुद्रित हिपहॉपच्या इतिहासात सापडत नाही.

शिवाय गतकाळाविषयीची हळहळ ही नंतरच्या पिढीने शोधलेली भावना नाही. कॉमन या रॅपरने हिपहॉपलाच स्त्रीरूप देऊन तिच्या अधःपाताची कथा सांगितली ती १९९४ साली, म्हणजे आज ज्याला सुवर्णकाळ म्हटले जाते त्याच्या ऐन मध्यावर. पीट रॉक आणि सीएल स्मूथ यांचे ट्रॉय डिक्सन या मृत सहकाऱ्याच्या स्मरणार्थ रचलेले १९९२ चे गीत जवळून ऐकले, तर त्यातील सॅक्सोफोनची हुरहुर लावणारी सुरावट टॉम स्कॉट यांच्या १९६७ च्या ध्वनिमुद्रणातून घेतलेली आहे, हे लक्षात येते. आज नव्वदची आठवण जागवणारे हे गीत स्वतःच पंचवीस वर्षे मागचा काळ उराशी धरून होते. भूतकाळाशी संवाद हा या कलेचा स्वभावच आहे. त्यामुळे एकाच दशकापाशी तो संवाद गोठवणे हे तिच्या स्वभावाविरुद्ध जाते.

स्मरणरंजन जे वगळते तेही महत्त्वाचे आहे. ‘द सोर्स’ या हिपहॉप मासिकाच्या १९९५ च्या पुरस्कार समारंभात अटलांटाच्या आउटकास्टची न्यूयॉर्कमध्ये हुर्यो उडवली गेली. अमेरिकेच्या दक्षिण भागाचे हिपहॉप खरे नव्हे, हा तेव्हाचा निवाडा पुढच्या दशकाने पूर्णपणे खोटा ठरवला. क्वीन लतीफा, एमसी लाइट, लॉरिन हिल यांचे कर्तृत्व ठळक असूनही आठवणींच्या याद्या प्रामुख्याने पुरुषांच्याच असतात, आणि ‘कणखर’पणाच्या गौरवात स्त्रियांविषयीचा उघड तुच्छभाव सहज माफ केला जातो.

वर्तमानाकडे पाहता दोन मार्ग दिसतात. १९९५ मध्ये जन्मलेल्या जोई बॅडॅसने २०१२ मध्ये ‘१९९९’ या नावाने काढलेल्या संकलनात न अनुभवलेल्या काळाची शैली आत्मसात केली. त्यातील कौशल्य वादातीत असले, तरी ते मुख्यतः निष्ठेचे कौशल्य आहे. रॉक मार्सियानोने ‘मार्कबर्ग’पासून (२०१०) त्याच जुन्या सँप्लिंगमधून तालवाद्ये हळूहळू मागे सारत, क्वचित पूर्ण गाळत, एक नवी शांत, धारदार शैली घडवली. परंपरा अशा कामानेच पुढे जाते. मुंबईचा अनुभवही हेच सांगतो : नेझी आणि डिव्हाइन यांचे ‘मेरे गली में’ (२०१५) वजनदार ठरले ते त्यात कुर्ला-अंधेरीच्या गल्ल्यांची बोली होती म्हणून, न्यूयॉर्कची नक्कल होती म्हणून नव्हे.

म्हणून नव्वदच्या दशकाचा आदर करण्याचा योग्य मार्ग त्याच्या खरखरीचे पूजन करणे हा नसून त्याची कार्यपद्धती ओळखणे हा आहे : हाताशी असलेल्या तुटपुंज्या साधनांतून, स्वतःच्या वस्तीच्या भाषेत, आधीच्या संगीताचे ऋण उघडपणे मान्य करत नवे काही घडवणे. हा निकष लावला, तर ‘इलमॅटिक’ श्रेष्ठच ठरतो, आणि आजच्या अनेक कलाकृतीही त्याच कसोटीला पूर्णपणे उतरतात. समीक्षेने कलाकृती कोणत्या वर्षाची आहे हे विचारणे सोडून, ती आपल्या काळाशी किती प्रामाणिक आहे हे विचारायला हवे.